भासऱ्यांची गाडीबाई

ये गं माय, अशी जवळ ये. कागदावरून सांगते आहे म्हणून लांब बसायचं असं काही नाही. आणि तो फोन आधी पालथा ठेव. परवा त्याच फोनवर तू जे म्हणालीस ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. "काकूआजी, आबांची ती सडकी गाडी अंगणात कशाला ठेवलीय? बाबा म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाकू." सडकी म्हणालीस. मला म्हातारी म्हण, कटकटी म्हण, मी हसून सोडून देईन. पण त्या गाडीला सडकी म्हणायचं नाही. ती सडकी होती तेव्हा तू पुण्यात शाळेत जात होतीस. ती सडकी राहू नये म्हणून तुझ्या आबांनी काय काय केलं हे तुला कोणी सांगितलंच नाही, त्यात तुझी तरी काय चूक. तुझ्या बाबांनाही धड माहीत नाही. पाहायला मी होते, म्हणून मीच सांगते.

तुझे आबा म्हणजे माझे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांसमोर सुनेनं पदर पुढे ओढायचा, समोरासमोर बोलायचं नाही, स्पर्श तर होऊच द्यायचा नाही. मी लग्न करून केनवडला आले तेव्हापासून हेच. एका अंगणात दोन घरं, मधे कमरेएवढी भिंत, आणि मी त्या माणसाशी एक शब्द बोललेली नाही. भांडण नव्हतं गं. रीत होती.

पण रीत असली तरी माणसाला काम पडतंच. आमचे हे होते तोवर सगळे निरोप यांच्यामार्फत जायचे. भासरे आमच्या दारात उभे राहून यांना म्हणायचे, "तिले सांग, विहिरीची मोटर सुरू करू नको म्हना, वायर उघडी हाये." मी तिथंच चुलीपाशी बसलेली. मी यांना म्हणायची, "त्याइले सांगा, समजलं." हे बिचारे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. एक दिवस वैतागून म्हणाले, "तुमी दोघं बोलत बसा, मी पारावर जाऊन येतो." आणि खरंच निघून गेले. मग आम्ही दोघंही गप्प. मोटरचं काय करायचं ते हे परत येईपर्यंत तसंच राहिलं.

पुढे हे गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी भासरे भिंतीपाशी येऊन खाकरले. काहीतरी सांगायचं होतं, पण सांगणार कोणाला? मधला माणूसच राहिला नव्हता. मी पदर ओढून उभी. बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी गोठ्याकडे वळून गाईला म्हणाले, "कपिले, खताची थैली आली हाये. त्या घरी पोचवून देऊ का म्हना."

मीही गाईलाच सांगितलं, "कपिले, पडवीत ठेवा म्हना."

असं आमचं सुरू झालं. पाऊसपाणी, बियाणं, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, सगळं कपिलेच्या कानावर घालायचं. ती ऐकायची, रवंथ करायची, आणि यांच्यासारखी उठून पारावर कधी गेली नाही.

आता तुझ्या आबांचा धंदा तुला माहीत आहे. सोयाबीन काढायचं मळणीयंत्र, आपला हडंबा, त्याचे पत्रे फाटले की जोडून द्यायचे. काळा चष्मा टोपीवर चढवलेला, खिशात छन्नी. पण त्यांची खरी खोड म्हणजे ठोकून पाहणं. बोटाच्या पेरानं जे दिसेल ते ठोकायचं आणि कान द्यायचा. "ठण वाजलं तर जितं, थप वाजलं तर मेलं," हा त्यांचा कायदा. टरबूज ठोकायचे, रांजण ठोकायचे, पाहुण्याचं हेल्मेटसुद्धा सोडायचे नाहीत. तुझ्या बाबांच्या लग्नात तुझ्या आईच्या माहेराहून कपाट आलं, ते त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर ठोकलं आणि मोठ्यानं "थप" म्हणाले. तुझा मामा अजून ते काढतो. काढू दे. त्या कपाटाचा तळ दुसऱ्याच वर्षी गळाला.

कपिला म्हातारी होऊन गेली. गोठा रिकामा झाला आणि मला, खरं सांगते, दुधापेक्षा बोलण्याचं जास्त वाटलं. त्याच सुमाराला तुझ्या आजीचे, म्हणजे माझ्या जाऊबाईंचे गुडघे गेले. एसटीची पायरी त्यांना चढवेना. जीपमध्ये माणसं बकऱ्यांसारखी कोंबतात, तिथं पाय कुठं लांब करणार. त्यांचं माहेर मानोऱ्याच्या पलीकडे. भाऊ थकलेला, तोही येऊ शकेना. मग भाऊबीजेला जाऊबाई ओट्यावर पाट मांडायच्या, मानोऱ्याच्या दिशेला तोंड करायच्या आणि हवेलाच ओवाळायच्या. भासरे ते दारातून पाहायचे. आणि दाराची चौकट ठोकत राहायचे.

आणि एक दिवस ट्रॅक्टरच्या मागे साखळी बांधून ही गाडी आली. गोल पाठीची जुनी अँबासिडर, रिसोडच्या भंगाराच्या वखारीतून उचललेली. जाऊबाई काठी टेकत ओट्यावर आल्या.

"हे काय, म्हातारपनी सवत आनली का माह्या उरावर?"

"सवत नोहे," भासरे म्हणाले. "तुह्ये गुडघे आनले. हिची सीट ठेंगनी हाये. बुड टेकलं का पाय सरळ. या दिवाळीले तुले भावाच्या दारात नेऊन उतरवतो."

गाडी कपिलेच्या जागेवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भासरे भिंतीपाशी आले, खाकरले, आणि गाडीला म्हणाले, "गाडीबाई, त्या घरी ताक असन तर पाह्य." मी ताकाचा तांब्या भिंतीवर ठेवला आणि आत जाऊन थोडं रडले. बरं वाटलं म्हणून.

दिवाळीला काही जमलं नाही, इंजिनाचा कुठलासा भाग मिळेना. गाडी उभी राहणार, वरून पावसाळा येणार. तेव्हा तुझ्या आबांनी डोकं चालवलं. गोठ्यात कपिलेसाठी भरलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, तसंच पडलं होतं. ते त्यांनी गाडीत ठासून भरलं, पार खिडक्यांपर्यंत. दारांच्या पोटात आणि मागच्या खांबांच्या पोकळीतही कोंबलं. मी म्हटलं, "गाडीबाई, हे कायले म्हना?" तर गाडीला समजावून सांगू लागले, "आंबा भुशात पिकते, बर्फ भुशात टिकते, अंडं भुशात फुटत नाई. मंग पत्रा काहून सडन?" ऐकायला किती बरोबर वाटतं, नाही? मलाही पटलं. पण पाऊस लागला की कुटार ओल ओढून घेतं आणि सोडत नाही. दोन-तीन पावसाळे ती गाडी पोटात ओलं कुटार घेऊन उभी राहिली आणि आतून खंगत गेली. वरून मात्र भासरे रोज फडकं मारायचे. आरशासारखी चमकायची.

इंजिन सुरू झालं तो दिवस मोठा. कुटार उपसलं, चटई अंथरली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. जाऊबाई इरकली नेसून आल्या. एक पाय आत ठेवला, दुसरा ठेवला, सीटवर टेकल्या. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्यांनी उजव्या पायावर जरा भार दिला तर पाय चटईसकट तळातून खाली, थेट गोठ्याच्या जमिनीवर.

त्यांना काढायला शेजारच्या तीन बाया लागल्या. नडगी सोलवटली होती. ओट्यावर बसून हळद लावत जाऊबाई म्हणाल्या, "मोटरीत बसून पायी जायची सोय केली तुमी. आता या गाडीत मी मेल्यावरच बसन."

भासरे गाडीखाली सरकले आणि ठोकत गेले. थप. थप. थप. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर गंजाची तांबडी भुकटी, आणि डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. इतकं ऐकलं, "गाडीबाई, मीच मारलं तुले. मीच उभी करतो."

त्यानंतरचं वर्ष आमच्या अंगणात फक्त पत्र्याचा आवाज होता.

आधी घाई केली. दाराखालच्या पोकळ पट्टीला ते उंबरा म्हणायचे. दोन्ही बाजूंचे सडलेले उंबरे एकाच दिवशी कापून टाकले. सकाळी पाहतात तर चारी दारं लागेनात. गाडीची कंबर खाली बसली होती, सैल पडलेल्या बाजेसारखी. भासरे टोपी काढून दगडावर बसले. जेवले नाहीत. जाऊबाईंनी आतून विचारलं, "मेली का सवत?"

मला राहवेना. मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "गाडीबाई, आमच्या इथं आढं वाकलं का आधी टेकू देतात, मंग भिंत काढतात."

मग ते उठले, बाभळीचे ओंडके आणले, जॅक लावून गाडी हळूहळू उचलली आणि खाली टेकू दिले. दारांची मापं घ्यायला तुरीच्या तुराट्या कापल्या, एकेका दाराला एकेक. रोज सकाळी दाराच्या चौकटीत तुराटी बसवून पाहायची. घट्ट बसली तर चहा घेणार, ढिली पडली तर त्या दिवशी चहासुद्धा नाही. माझ्या कोंबड्यांनी एकदा एक तुराटी टोचून पाडली, तर गाडीमार्फत माझ्या कोंबड्यांचा जो उद्धार झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

हडंब्याचा पत्रा जाड, गाडीचा पातळ. हडंब्याच्या सवयीनं ज्योत धरली की पत्र्याला भोकच पडायचं. लावलेलं ठिगळ पुन्हा कापायचं, पुन्हा लावायचं. हाताला डाग पडले, मिशीचा एक कोपरा जळाला, तो त्यांनी दुसरा कापून बरोबर केला. मडगार्डच्या खालची गोलाई तर जमेचना. सपाट जमिनीवर पत्रा ठोकला की तो गोल न होता रागावल्यासारखा उलटा फुगायचा. मग एका सकाळी खाकरले.

"गाडीबाई, त्या घरची काठवट दोन दिवस मिळन का म्हना."

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, माझ्या आईनं दिलेली. मला वाटलं, काही कालवायचं असेल. दिली. थोड्या वेळानं धडाधड आवाज. जाऊन पाहते तर काठवटीच्या पोटात पत्रा ठेवून वरून हातोडी चाललेली, आणि पत्रा अगदी शहाण्यासारखा वळत चाललेला. काय बोलणार? त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. काठवट परत आली ती मधोमध खड्डा घेऊन. तू इथं येऊन जी भाकरी खातेस ना, तिचं पीठ मडगार्डच्या गोलाईत मळलेलं असतं.

आता जे सांगते ते मन लावून ऐक.

दिवस सोयाबीन काढायचे. गावात माणूस नाही, सगळी वावरात. जाऊबाई आत मोठ्यानं मालिका लावून पडलेल्या. भासरे गाडीखाली उताणे, डाव्या उंबऱ्याला शेवटचा जोड देत होते. पाय तेवढे बाहेर. गॅसची ज्योत भरभर वाजत होती. मी दुपारचा चहा ठेवायला भिंतीपाशी आले आणि पाहिलं, उंबऱ्याच्या मागच्या टोकाला, खांबाच्या पोकळीतून धूर येतोय. कुटार. सगळं उपसलं असं त्यांना वाटलं होतं, पण त्या पोकळीत ठासलेलं तसंच राहिलं होतं. त्याची ठिणगी खाली पडत होती, आणि खाली बाभळीच्या टेकूंभोवती आणखी कुटार सांडलेलं. टेकू जळाला असता तर ती सगळी गाडी त्यांच्या छातीवर आली असती. काळ्या चष्म्यातून त्यांना ज्योतीशिवाय काही दिसत नव्हतं.

आणि मी काय केलं असेल? पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हटलं, "गाडीबाई, धूर निंघून राह्यला म्हना."

सवयीनं तोंडातून तेच निघालं. ज्योत भरभर वाजतच होती. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं, तेही गाडीलाच. मग टेकूच्या बुडाशी लाल दिसलं. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू? इतक्या वर्षांत त्या माणसाला मी कुठल्याच नावानं हाक मारलेली नव्हती. माझ्या भावाला मी दादा म्हणायची, तेच तोंडून आलं.

"दादा, बाहेर निंघा. दादा."

ऐकू गेलंच नाही. तेव्हा मी भिंत ओलांडली, दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला आणि बैलाला ओढावं तसं ओढलं. ते घसरत बाहेर आले, चष्मा कपाळावर, हातात ज्योत तशीच. मला पाहून इतके गोंधळले की आधी ज्योत बंद करायची का टोपी शोधायची हे त्यांना कळेना. मी धुराकडे बोट दाखवलं. मग आम्ही दोघांनी रांजणातून बादल्या भरभरून ओतल्या. एक टेकू अर्धा काळा झाला होता. गाडी वाचली. बाकीचंही वाचलं.

मी पदर ओढून घरात पळाले. आगीच्या भीतीनं नाही, स्पर्श झाला म्हणून. आता काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील. संध्याकाळपर्यंत बाहेर निघाले नाही. मग भिंतीपाशी खाकरल्याचा आवाज आला.

"गाडीबाई," भासरे म्हणाले, "आज कोनीतरी माह्या पाया पडलं. पन लई जोरात पडलं बावा, टाच सुजली."

आतून जाऊबाईंचं हसू ऐकू आलं. मीही पदरात तोंड घालून हसले. मग म्हणाले, "आशीर्वाद द्याचा राह्यला होता. दिला म्हना."

मला वाटलं, आता आम्ही समोरासमोर बोलू. पण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताक, पुन्हा गाडीबाई. आणि मला तेच बरं वाटलं. तोंडासमोर एवढं बोलता आलं असतं का आम्हाला, कोण जाणे.

त्या भाऊबीजेला गाडी निघाली. खाली डांबर, वर तांबडा रंग, नवी चटई. जाऊबाई दारापर्यंत आल्या आणि अडून बसल्या. भासऱ्यांनी स्वतः आत चढून तळावर चारी कोपऱ्यांत उड्या मारल्या, या वयात. मग जाऊबाईंनी काठी आत घालून तळ ठोकला. ठण. दुसऱ्या बाजूला ठोकला. ठण. चपला बाहेरच काढून ठेवल्या आणि अनवाणी आत बसल्या. "देवळात चपला घालून बसत नाई," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी. वाशीम गेलं, मंगरूळ गेलं, मानोरा आलं, आणि सगळा रस्ताभर जाऊबाईंचे तळवे त्या पत्र्यावर टेकलेले. भाऊ काठी टेकत दारात आला तेव्हा त्या आधी ओवाळायला उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी तू वाकून हा तळ ठोकून पाह्य." बिचाऱ्यानं ठोकला. मग दोघं रडले.

त्यानंतर प्रत्येक दिवाळीला गाडी मानोऱ्याला गेली. गेल्या दिवाळीला आबाच नव्हते, गाडी गेली नाही, ते तुला माहीत आहे. त्याआधी काही दिवस ते वाशीमच्या दवाखान्यात होते. तुझे बाबा डॉक्टरांकडे गेले होते आणि पलंगापाशी मी एकटी. तिथं ना गाय, ना गाडी. ते बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिले. मग सलाईनच्या स्टँडकडे पाहून खाकरले.

"स्टँडबुवा, तिले म्हना, पत्रा पान्यानं सडत नाई, बसून सडते. गाडी बसू देऊ नका. महिन्यातून एकदा खालून ठोकून पाह्यजो म्हना, चारी कोपरे. डोळे लावू नको, कान लाव."

मी स्टँडला म्हटलं, "ठोकते म्हना."

मग हळू आवाजात म्हणाले, "तिनं मले एकदा दादा म्हनलं होतं. मले ऐकू आलं होतं. पुन्हा म्हनलं तर चालते."

मी स्टँडकडेच पाहत होते. म्हटलं, "दादाले सांगा, आराम करा म्हना." त्यांनी पलंगाची दांडी पेरानं ठोकली, आणि हसले.

तर अशी ती गाडी. मी दर महिन्याला गोणपाट टाकून खाली सरकते. या वयात सरकता येतं, परत निघता येत नाही. जाऊबाई काठीनं माझा पाय ओढतात. तीन कोपरे ठण वाजतात. मागचा डावा मात्र गेल्या खेपेला थप वाजला. मी पुन्हा ठोकला. थपच. एक अख्खी दिवाळी ती बसून राहिली ना. जाऊबाईंना मी सांगितलेलं नाही. त्यांनी ओट्यावरचा पाट घासून ठेवलाय, यंदा पुन्हा मानोऱ्याकडे तोंड करून हवेलाच ओवाळायचं असं धरून.

तू पुण्यात गाडी चालवायला शिकलीस असं तुझे बाबा म्हणाले. मग ये गं माय. बाबांना सांग, भंगारवाल्याला थांबव म्हणावं. रिसोडचा एक जण तेवढा कोपरा जोडून द्यायला तयार आहे, पण त्याच्यापर्यंत गाडी कोणीतरी न्यायला हवी. आणि तिथून मानोऱ्याचा रस्ता तुझ्या आजीला पाठ आहे. दिवाळीची वाट पाहू नकोस, त्याआधीच ये. चपला बाहेर काढून बस म्हणजे झालं.